टाचण्यांवरचा गंज

४ मार्च
फुटली! दुसरी काचही फुटली. ह्या वेळी कडा घासताना. काचवाल्याकडे परत गेलो तर तो गालात हसला. "काका, मत्स्यालय तयार का घेत नाही?" आता त्याला कोण सांगणार — मला मासे पाळायचे नाहीत. मला पुस्तकासारखी उभी, अरुंद टाकी हवी आहे. सर्किट बोर्ड उभा आत सोडता आला पाहिजे आणि तांबं खाणारं औषध कमीत कमी लागलं पाहिजे. तशी तयार मिळत नाही. मिळते ती कारखान्यांना परवडणारी.

तिसरी काच त्यानेच कडा घासून दिली. आधीच सांगायचं होतं ना बाबा!

६ मार्च
टाकी उभी राहिली. काचा डिंकाने — तो नळीतला, रबरासारखा वाळणारा — चिकटवल्या. रात्रभर पाणी भरून ठेवलं. एक थेंब गळाला नाही. तळाला भोकं पाडलेली नळी, तिला मासे पाळणाऱ्यांचा हवेचा पंप. बाजूला त्यांचाच हीटर. बोर्डाला पोटाशी धरायला जुन्या मेणबत्तीच्या डब्याचं प्लास्टिक कापून घडवलं. भंगारातून उभी केली म्हटलं तरी चालेल.

ही बघायला आली. कंबरेवर हात. "मासे कुठे आहेत?" म्हणाली.

मग तिला सगळं समजावून सांगितलं. पाटीवर तांब्याचा पातळ थर असतो. त्यावर इस्त्रीने नक्षी उमटवायची — हो, तुझ्या जुन्या इस्त्रीने. मग ॲसिडात सोडायची. उघडं तांबं ॲसिड खातं, नक्षीखालचं तेवढं राहतं. झाला सर्किट बोर्ड! तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही पण कापूनच काढता. मी कात्रीने, तुम्ही ॲसिडने." शिवणकाम करते ती. मुद्दा बरोबर.

वर्कशॉप बंद झाल्यापासून ती माझ्या कुठल्याही गोष्टीला हसली नव्हती. आज हसली.

८ मार्च
मेहुणी आली होती, हिची थोरली बहीण, समोरच्या गल्लीतली. तिला आम्ही सगळे ताईच म्हणतो. टाकी बघून नाक मुरडलं. "घरात ॲसिड? गॅलरीत ठेवा की!" हीसुद्धा हळूच म्हणाली, "गॅलरीत चालणार नाही का?"

मी चांगलं व्याख्यान दिलं. गॅलरीत वारा, औषध गार पडतं, काम होत नाही. हयात गेली माझी वर्कशॉपमध्ये, मला नका शिकवू! ताई म्हणाली, "बरं बाबा, तुम्ही शहाणे." खोली एकच. खिडकीकडे हिचं मशीन आणि पांढऱ्या कापडाचे गठ्ठे, भिंतीकडे माझं टेबल, मध्ये टाकी. पाय ठेवायला जागा नाही. हिचे गठ्ठे जरा कमी असते तर बरं झालं असतं — असं मी मनात म्हणालो. इस्पितळाच्या डॉक्टरांचे कोट शिवते ती. वर्कशॉप बंद झाल्यापासून घर त्या गठ्ठ्यांवरच चाललंय. हेही मनातच.

१० मार्च
घात झाला. ते तपकिरी औषध — फेरिक. पंपाने बुडबुडे उडाले, थेंब थेट हिच्या शिवून झालेल्या कोटावर. बाहीवर चहा सांडल्यासारखे डाग. ती साबण लावून घासत बसली, डाग गेले नाहीत. आरडाओरडा नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "माझं काम पांढऱ्यावर आहे हो. तेवढं सांभाळा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाही उसवून नवीन लावली तिने. मी सुया ओवून दिल्या, दुसरं काय करणार!

१२ मार्च
तोडगा सापडला! फेरिक बंद. आता संडास धुवायचं ॲसिड आणि औषधाच्या दुकानातलं जखम धुवायचं पाणी. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ! काम करता करता सुंदर हिरवं होतं. चिखल नाही, डाग नाही. तांबं तर असं खातं की बघत राहावं. स्वस्त म्हणजे किती स्वस्त! हिला दाखवलं, कापडाच्या चिंधीवर मुद्दाम थेंब टाकून. धुतला, गेला. "आता खूश?" "खूश," म्हणाली. मग जरा थांबून — "नाकात काहीतरी झोंबतंय पण."

खिडकी बंद असते ना. धूळ येऊ नये म्हणून ती कधीच उघडत नाही. म्हटलं, होईल सवय. टाकीवर एक जुनं झाकण ठेवलं. नळीसाठी भोक आहे त्याला, घट्ट बसत नाही. पण आहे.

१४ मार्च
लिफ्टवाल्याला पहिला बोर्ड दाखवला. जुन्या लिफ्टांचे बोर्ड कुणी बनवत नाही आता, म्हणून माझ्याकडे आला होता तो. उलटा केला, सुलटा केला, नखाने रेष खरवडून बघितली. "घरी केलात? खरंच?" मग म्हणाला, "हे जमलं तर पुढचे सगळे तुम्हीच करा."

परत येताना फुटपाथवर एकटाच हसत होतो. लोकांनी बघितलं. बघू देत!

२० मार्च
चिमटा तपकिरी झालाय. माझा बारीक टोकाचा, चांगला. ड्रॉवर उघडला — पकडीलाही गंज. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकालाही.

कशाने ते कळलं. ॲसिडची वाफ. वर्कशॉपमध्ये नवीन कुणी आला की पहिल्या दिवशी मीच ओरडायचो, बाटली हत्यारांजवळ ठेवू नकोस, लोखंड खाते ती! आणि आता मीच... हात दाखवून अवलक्षण. सगळं तेल लावून पुसलं, डब्यात बंद केलं. हिला बोललो नाही. बोललो असतो तर ताईपर्यंत गेलं असतं आणि "शहाणे" पुन्हा ऐकावं लागलं असतं.

झाकण घट्ट करायला हवं. करतो उद्या.

२१ मार्च
झाकण राहिलं. लिफ्टवाल्याचं काम आलं.

२४ मार्च
कोट परत आले. अख्खा गठ्ठा.

इस्पितळाच्या भांडारातल्या बाई शिस्तीच्या आहेत, पण हिच्यावर जीव आहे त्यांचा. त्यांनी स्वतः फोन केला म्हणे. "अहो, हे काय झालं?" हिने पलंगावर कोट पसरले. खालच्या घडीवर ओळीने बारीक बारीक तपकिरी ठिपके. जिथे जिथे टाचण्या होत्या तिथे. घडी घालून टाचण्या लावून रात्रभर ठेवते ती, म्हणजे सकाळी सरळ मशीनवर. वर्षानुवर्षं असंच करते. कधी काही झालं नाही.

तिने टाचण्यांची डबी उघडली. सगळ्या तपकिरी. "अशा कशा झाल्या?" मला विचारलं. मला!

मला बघताक्षणीच कळलं होतं. मी डबी हातात घेतली, उजेडात धरली, जणू पहिल्यांदाच गंज बघतोय. म्हणालो, "हलक्या प्रतीच्या असतील."

लिफ्टवाल्याचं काम अर्ध्यावर आहे. आत्ताच बोललो तर टाकी बंद. आणि गॅलरीचं ती आधीच म्हणाली होती. तेही ताईसमोर. हे सगळं खरं आहे. तरीही ही कारणंच.

२६ मार्च
सुईदोऱ्याच्या दुकानात गेली होती. नवीन टाचण्या आणल्या, चांगल्यातल्या. दुकानदाराने डबी बघून सांगितलं म्हणे, "काही जणांच्या घामातच गंज असतो. हात लावतील ते लोखंड काळं पडतं. तुमच्या हातांना घाम येतो का?"

घाम येतोच तिला हल्ली. बसल्या बसल्या अंगातून वाफा निघतात, तोंड लाल होतं, पदराने वारा घेत बसते. त्या वयात आहे. माझ्यासमोर त्याबद्दल कधी बोलत नाही, लाजते. आज बोलली. दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले, पोरीसारखे. "ह्याचंच असेल का हो? तुम्हाला काय वाटतं? तुम्हाला कळतं त्यातलं."

मी म्हणालो, "असेल. वयाप्रमाणे होतं."

असं म्हणालो मी. जसं बोललो तसंच इथे लिहितोय. "असेल. वयाप्रमाणे होतं." तिने हात मागे घेतले, पदरात पुसले.

२७ मार्च
कालचं पान वाचलं. फाडावंसं वाटलं. राहू दे. लाज वाटायला कुठेतरी जागा हवी.

२९ मार्च
ती ताईकडे गेली तेव्हा टाकी गॅलरीत नेली. वाऱ्याला आडोसा म्हणून जुना पत्रा लावला, हीटरवर गोधडीचा तुकडा. काम होतंय! अगदी नीट होतंय! हेच आधी केलं असतं तर — पण तेव्हा व्याख्यान द्यायचं होतं ना मला.

ती आली, खोलीतली मोकळी जागा बघितली. "का नेली?"

"तुला वास झोंबतो म्हणत होतीस ना."

तिचा चेहरा! "माझ्यासाठी?" म्हणाली. ताईला फोन करून सांगितलं, माझ्या समोरच. "अगं, ह्यांनी माझ्यासाठी टाकी गॅलरीत नेली, तिथे उभं राहून काम करणार आहेत, उन्हात." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. चोराला शिक्षा होते, मला शाबासकी मिळाली.

२ एप्रिल
हातमोजे आणलेत तिने. पांढरे, सुती, पातळ. ते घालून टाचण्या लावते, ते घालून शिवते. आणि टाचण्या चकचकीत!

"बघा! हातमोज्यांनी काम केलं." किती आनंद झाला होता तिला. मला दाखवायला डबी घेऊन आली.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला. आणि मांडी कुणाची, शेंडी कुणाची! टाकी बाहेर गेली म्हणून गंज थांबला. हे तिला सांगायला मला एक वाक्य पुरेल. सांगितलं नाही. "वा," म्हणालो.

५ एप्रिल
हातमोज्यांत तिला कापडाची धार कळत नाही. आयुष्यभर बोटांनी बघत आली ती, डोळ्यांनी नाही. गळपट्टी दोनदा उसवली. दोरा ओवताना मोजे काढते, ओवून झाला की लगेच चढवते, सुईला बोट लागलं तर पदराने पुसते. बाहेर माझा पंप गुरगुरतोय. आत मशीन थांबतं, चालतं, थांबतं. पूर्वी कसं एका दमात चालायचं.

८ एप्रिल
लिफ्टवाला घरी आला. टाकी बघून खुळावला. फोटो काढले. "काका, तुम्ही ह्याचे क्लास घ्या!" ही चहा घेऊन आली, हातात मोजे तसेच. तो म्हणाला, "काकू, मोजे कसले?" ती हसून म्हणाली, "आमच्या हाताला गंज आहे." पाहुण्यांसमोर! चेष्टेत. तोही हसला. मीही हसलो.

हसलो मी.

११ एप्रिल
इस्पितळातून मोकळ्या हातांनी परत आली. कापडाचा नवीन गठ्ठा नाही. मला वाटलं शिवण वाकडी गेली म्हणून. तसं नाही. हिने स्वतःच सांगितलं भांडारातल्या बाईंना. "म्हटलं, बाई, ते ठिपके टाचण्यांचे नव्हते, माझ्या हातातच दोष आहे. आता मोजे घालते, पण डॉक्टरांचे कोट आहेत, उद्या परत काही झालं तर तुमच्यावर यायचं. म्हणून सांगून टाकलं."

"कशाला सांगितलंस?" मी जवळजवळ ओरडलोच.

ती म्हणाली, "मग काय लपवायचं? त्यांनी विश्वासाने दिलं होतं काम." बाईंनी म्हणे तिचा हात हातात घेतला, वाईट वाटलं त्यांना, आणि हा महिना दुसरीकडे देते म्हणाल्या. पुढचं पुढे बघू.

केलं मी, आणि कबूल केलं तिने. जे केलंच नव्हतं ते! मला जेवण गेलं नाही. तिने मलाच विचारलं, पोट बरं नाही का.

१२ एप्रिल
सांगणार होतो. ताई आली. ताई गेल्यावर सांगणार होतो. मग ही झोपली होती.

१६ एप्रिल
आज मशीनवर कापड नाही म्हणून तिने खोली आवरायला काढली. माझं टेबलही. हातात मोजे, वर फडकं. म्हटलं, फडकं कशाला? "तुमच्या हत्यारांना माझा हात नको."

मग बंद डबा उघडला तिने. तेल लावलेला चिमटा बाहेर काढला. तेल लावलं तरी गंजाने टोकं खाल्लेली दिसतातच. टोकांवरून फडकं फिरवलं. आता कळणार, आता विचारणार...

"हा मी उचलला होता ना एकदा? तुमच्या टेबलावरून खाली पडला होता तेव्हा?" तिचे डोळे भरले. "सांगायचं नाही का हो! किती जपता तुम्ही हत्यारं. माझ्यामुळे खराब झाला आणि तुम्ही बोललासुद्धा नाहीत मला. लपवून ठेवलात, मला वाईट वाटू नये म्हणून."

माझी माफी मागितली तिने. माझी!

१७ एप्रिल
कालपासून तिच्या नजरेला नजर देता येत नाही. आरशाचं तर विचारूच नका. आजही नाही सांगितलं. आजही.

१८ एप्रिल
सांगितलं.

दुपारी, जेवणं झाल्यावर. ती मटार सोलत बसली होती, मोजे घालून. मटारला कसला गंज चढणार! ते बघून माझ्याच्याने राहवलं नाही. म्हणालो, "ते मोजे काढ. तुझ्या हातात काही नाही." ती म्हणाली, "असू देत, सवय झाली आता." मग मी सगळं बोललो. ॲसिडची वाफ, बंद खिडकी, नीट न बसणारं झाकण. टाचण्यांना ॲसिडने गंज चढला. चिमट्यालाही. तुझा घाम, तुझं वय, काही नाही. माझी टाकी.

ती ऐकत होती. शेंग हातात तशीच. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हणालो, "परवा. चिमटा तुझ्या हातात बघितला तेव्हा डोक्यात आलं."

कसं आलं हे तोंडातून? ठरवलं नव्हतं मी. बाकी सगळं खरं सांगितलं, ह्या एकाच प्रश्नाला जीभ वळली. खरं सांगायला बसून, कबुलीच्या मधोमध मी खोटं बोललो!

तिने मोजे काढले. एक एक बोट ओढून. तळवे बघितले, पालथे करून बघितले. आणि हसली. "म्हणजे माझे हात चांगले आहेत?"

"चांगले आहेत."

"अगदी आधीसारखे?"

"आधीसारखे."

राग नाही, शब्द नाही! चपला घालून तशीच ताईकडे गेली सांगायला. जिन्यात शेजारणीलाही सांगितलं, मला वरपर्यंत ऐकू आलं. "काही नाही गं, ॲसिडची वाफ होती!" आल्यावर भांडारातल्या बाईंना फोन. त्या म्हणाल्या, या सोमवारी, गठ्ठा ठेवते. मग उघड्या हातांनी डबीतल्या टाचण्या गादीवर ओतल्या आणि एक एक करून परत भरत बसली. उगाच. गाणं गुणगुणत होती.

इतकं सोपं होतं सगळं! एवढ्यासाठी जिवाचं पाणी केलं मी. ते एक वाक्य राहिलं, पण आता त्याने कुणाचं काय बिघडणार आहे.

१९ एप्रिल
सकाळी माझ्यापुढे चहा ठेवला आणि ती गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिली. टाकीकडे बघत. पाठमोरीच म्हणाली, "परवा कळलं म्हणालात. मग ठिपके पडल्यावर ही बाहेर कशाला नेली होतीत? वास तर मला आधीपासूनच झोंबत होता."

तिने वाट बघितली. चहा निवेपर्यंत.

दुपारी हातगाडीवाला आला. मशीन ताईकडे गेलं, टाचण्यांची डबी ती स्वतः घेऊन गेली. "आता तिथेच शिवीन," एवढंच म्हणाली. खोलीत आता टाकीला हवी तेवढी जागा आहे.